अच्छाडहून आणलेला

खडा आणायला जायचं, एवढंच काम होतं. तलासरीहून अच्छाड काही लांब नाही. जीपनं गेलं तर टपरीवर सांगितलेला चहा यायच्या आत माणूस जाऊन परत येईल.

मिथुन मेला तो दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात, त्याच अच्छाडला, चेकनाक्याच्या अलीकडे. प्रविण हा मिथुनचा आणि माझा मित्र. त्याची काळीपिवळी जीप आहे आणि मिथुन तिच्या मागं लोंबकळत पॅसेंजर ओरडायचा. रिव्हर्स येणाऱ्या एका ट्रेलरवाल्याला तो दिसला नाही. बस्स. चोवीस वर्षांचा पोरगा, आणि रस्त्यावर पाणी मारून जागा साफ करायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मी अमृत. तलासरी नाक्यावर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, घर डहाणू रोडजवळ सरावलीला. मिथुन आणि मी आश्रमशाळेत एका खोलीत वाढलो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला घाण सहन होत नाही. उष्टं, केस, वास, चिकटपणा, काहीच नाही. मित्र मला 'सोवळा' म्हणून चिडवतात. चिडवू देत. मिथुनच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच छापला. तेव्हा मिथुनच्या पाड्याकडचा एक होतकरू पुढारी गॉगल लावलेला स्वतःचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "मयताचा फोटो जरा बारीक करा, माझा चेहरा दबतोय." त्या दिवशी आली ती शिसारी पहिली. पुढं जे आलं त्यापुढं हा गॉगलवाला बरा.

मिथुनचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. त्यांच्याकडे रीत अशी की, घराबाहेर मेलेल्या माणसाला पहिल्या पितरांच्या आधी घरी आणायचं. जिथं जीव गेला तिथला खडा मामानं उचलायचा. मेलेल्याला त्याच्या नावानं, बापाच्या नावानं, पाड्याच्या नावानं हाक मारायची आणि खडा फडक्यात बांधून गप्प घरी यायचं. पितरांच्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तर मामा ताडी पिऊन ओट्यावर आडवा, तोंडावर माश्या. मग तानीकाकीनं, म्हणजे मिथुनच्या आईनं, आमच्याकडे पाहिलं. तिचा नवरा लाहू आधीच गेलेला. घरात ती आणि मिथुनची धाकटी बहीण दक्षा.

"तुमी त्याचे भाऊच," काकी म्हणाली. "तुमीच घेऊन या त्याला."

अच्छाडला भादव्याचं ऊन तापलं होतं. ट्रकांची रांग लागलेली. डिझेल, लघवी आणि धाब्याच्या जळक्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून नाकात बसत होता. मी रुमाल लावून उभा राहिलो. प्रविणनं चपला काढल्या, वाकून खडा उचलला आणि हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. डोळे गच्च भरलेले. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं जीपच्या पत्र्यावर थाप मारली आणि मिथुन ओरडायचा तसंच, त्याच सुरात, तो ओरडला.

"चला तलासरीऽऽ, तलासरी तलासरी... एक सीट, एक सीट... बसा, बसा, बसा... निघाली!"

मला हसू आलं. मग रडू. दोघंही त्या घाणीत उभं राहून हसत-रडत राहिलो. दोन ट्रकवाले आमच्याकडे बघत होते. आम्ही गाडीत बसलो. प्रविणनं चावी फिरवली, आणि मागच्या बाजूला कुणीतरी चढावं तशी जीप खाली दबली. स्प्रिंगचा पाटा कुरकुरला. मागं वळून पाहायचं नसतं म्हणून आम्ही पाहिलं नाही.

"आला बघ," प्रविण हळूच म्हणाला.

खरं सांगतो, आम्हाला आनंद झाला.

वाटेत गप्प राहायचं होतं, पण प्रविणच्या तोंडाला कुलूप लावणं देवालाही जमणार नाही. मित्र मागं बसलाय म्हटल्यावर तो सुटलाच. मिथुनला विस्तवावर भाजलेले सुके बोंबील किती आवडायचे, डोक्यासकट कसा चावून खायचा. उंबरगावच्या जत्रेत पाळण्यातून उतरताना त्याची पँट कशी टरकन फाटली आणि तो मागं टॉवेल लावून घरी कसा आला. आईला किती लाडानं हाका मारायचा, आये, आये करत मागं मागं फिरायचा. मी हुंकार देत होतो. बोंबलाचं ऐकून मला जरा खटकलं, मिथुनच्या तर सुक्या मासळीनं ओठांवर गांधी उठायच्या. पण मयताच्या दिवसांत कोण कुणाला दुरुस्त करत बसतो? माणसं आठवणीत थोडी इकडची तिकडं होतात.

दुपारी पितरांची पानं मांडली. पळसाची पानं, त्यावर नव्या तांदळाचा भात, उडदाचं आळण, काकडी, गावठी कोंबडा. खडा कोपऱ्यात पाटावर ठेवला होता. सगळे हात जोडून उभे असताना दक्षाच्या अंगात वारं आलं. शहाणी मुलगी, तलासरीच्या कॉलेजात जाणारी, मान खाली घालून चालणारी. ती मांडी घालून खाली बसली, दोन्ही गुडघे पुरुषासारखे फाकवून, आणि म्हणाली,

"आये... भूक लागली."

पाडा रडला. काकी तिच्या पायांवर पडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. मग तिनं खायला सुरुवात केली. एका पानावर भागलं नाही. शेजारचं पान ओढलं, मग त्याच्या पलीकडचं. दोन्ही हातांनी. कोंबड्याची हाडं ती फोडत होती, आतलं चोखत होती आणि हनुवटीवरून रस्सा तिच्या ओढणीवर ओघळत होता. तेवढ्यानं झालं नाही तेव्हा तिनं पोरांची उष्टी पानं चाटली. लोक म्हणाले, बिचारा, कधीचा उपाशी होता. मी नाक धरून मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. मला माझीच लाज वाटली. मित्र घरी आलाय आणि हा सोवळा नाक धरून पळतोय.

पुढच्या वर्षभरात मी पाड्यावर गेलो नाही. प्रविणकडून कळत होतं. मिथुन दर अमावास्येला येतो. मग कळलं, दर बाजाराच्या दिवशी येतो. मग कळलं, दक्षानं कॉलेज सोडलं. काकी खूश आहे म्हणे. शेजारपाजारच्या बाया डबे घेऊन येतात, मिथुनला आमच्या हातचं खाऊ घालू म्हणून. येताना पोराटोरांनाही आणतात, तो जेवताना बघायला.

दुसऱ्या पितरांना मात्र गेलोच. दोन हजार सोळाचा भादवा. घराच्या बाहेरच मला वास आला. शिळ्या भाताचा, खवट तेलाचा, सुक्या मासळीचा. आत दक्षा बसली होती. तिला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट तेवढं पुढं, ताणलेलं. गाल आत गेलेले. दातांच्या फटींत काहीबाही अडकलेलं. तिच्यासमोर विस्तवावर भाजलेल्या बोंबलांचा ढीग होता आणि ती एकेक उचलून डोक्यासकट चावत होती. कुरकुर आवाज येत होता. माश्या तिच्या ओठांवर बसत होत्या आणि ती त्या उडवत नव्हती. एक तर घासाबरोबर आत गेली. मी पाहिली.

"ये अमृत," ती म्हणाली. वर्षभरानं भेटलेला माणूस बोलतो तसं, तोंड भरलेलं. "बस. सरका रे जरा, त्याला बसू दे."

मग तिनं लोकांना उंबरगावच्या जत्रेची गोष्ट सांगितली. पाळणा, फाटलेली पँट, मागं लावलेला टॉवेल. बाया डोळे पुसून पुसून हसत होत्या. मी प्रविणकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याला हाताला धरून घरामागं नेलं.

"काय झालं?"

"उंबरगावला मिथुन नव्हता," तो म्हणाला. "आता आठवतंय. मी आणि माझ्या शेजारचा बाळ्या होतो. पँट बाळ्याची फाटली होती."

"मग त्या दिवशी जीपमध्ये मिथुनचं नाव का घेतलंस?"

"तेव्हा तसंच आठवलं यार... रडत होतो ना मी."

 मला एकेक आठवू लागलं. सुके बोंबील. आये, आये. पँट. वर्षभरात दक्षाच्या तोंडून त्यानं पाड्याला मिथुन म्हणून जे जे सांगितलं होतं ते सगळं प्रविणनं जीपमध्ये बोललेलं होतं. तेवढंच होतं. त्याच्यापुढचं काही नव्हतं. मागच्या सीटवर बसून कुणीतरी ते ऐकत आलं होतं.

"अमृत," प्रविण म्हणाला, "मी नाव घेतलंच नाही रे. ना त्याचं, ना बापाचं. मी फक्त म्हटलं, बसा. त्या नाक्यावर आजवर किती मेलेत... कुठले कुठले ड्रायव्हर, क्लीनर, भिकारी. मी म्हटलं, एक सीट."

तरी खात्री करावी म्हणून मी आत गेलो, तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "मिथुन, पाचवीत तुझ्या बाकावर कोण बसायचं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. चावणं थांबलं. डोळ्यांत काही नव्हतं, ओळख नाही, राग नाही. मग ती हसली. दातांना खवलं चिकटलेली होती.

"भूक लागली," ती म्हणाली.

संध्याकाळच्या आधी ते गेलं आणि दक्षा दक्षा झाली. भिंतीला टेकून बसली होती. मी तिला पाणी दिलं तर ती भांड्याला तोंड न लावता वरून प्यायली. स्वतःच्या तोंडाची तिला किळस येत होती.

"अमृतदादा," ती म्हणाली, "मला घेऊन चला कुठंतरी."

"काय होतं गं तुला?"

"त्याचं पोट भरतं अन दुखतं माझं. उलटी पण होत नाय, तो करू देत नाय." तिनं आवाज आणखी खाली आणला. "तो आला की म्हणतो, सरक. मी सरकते. परत म्हणतो, सरक. आता... सरकायला जागा नाय राहिली, दादा."

मी उठून काकीकडे गेलो. ती मोरीपाशी राखेनं भांडी घासत होती. बाजूला खरकट्याचा ढीग, त्यात पांढऱ्या अळ्या हलत होत्या. मी रुमाल काढला नाही. तिला सगळं सांगितलं. हाक, सीट, जीप, बाळ्याची पँट. म्हटलं, "काकी, हा मिथुन नाही. खडा दे, मी आताच्या आता अच्छाडला टाकून येतो."

काकीनं भांडं घासणं थांबवलं नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"पयल्याच दिशी कळलं. माझा मिथुन बोंबील खात नव्हता. आईला का ठावं नसंल?" तिनं पातेलं उलटं केलं. "अन माझा मिथुन मला हाक मारीत नव्हता. जीपवर जाऊ नको म्हटलं म्हणून भांडला. वरीसभर बोलला नाय. गेला तरी अबोला धरूनच गेला. ह्यो मला दिसाला दहा येळा आये म्हणतो."

"आणि दक्षा?"

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. रागानं नाही, थकल्यासारखं.

"पोरी काय, लगीन होऊन जातातच."

मला आजही ते वाक्य आठवलं की तोंडात आंबट पाणी येतं. अळ्यांची, माश्यांची, खवल्यांची किळस एक वेळ धुऊन निघते. ह्या वाक्याची निघत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला तिची दया आली. किळस आणि दया एकाच वेळी येऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं नसतं तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दक्षाला घेऊन निघालो. काकीनं अडवलं नाही. ती कोपऱ्यातल्या पाटासमोर दाराकडे पाठ करून बसून होती. पाट रिकामा होता. खडा तिनं कनवटीला खोचला होता आणि त्यावर हात दाबून धरला होता. तो तिच्याकडून काढून घेणं आमच्यानं झालं नाही. म्हातारीच्या कमरेला कोण हात घालणार?

प्रविण त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. रस्त्यात हात करणाऱ्या एकाही माणसासाठी त्यानं गाडी थांबवली नाही. लोक शिव्या देत होते. दक्षा माझ्या बायकोच्या, जयश्रीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. जयश्रीला मी आदल्या रात्रीच फोन करून बोलावून घेतलं होतं. तरणी मुलगी, दोन पुरुषांनी एकटीला न्यायची कशी?

सरावलीला पोहोचल्यावर जयश्रीनं तिला नाचणीची पेज दिली. दोन घोट गेले आणि दक्षा अंगणात वाकली. ती इतकी ओकली की जयश्री घाबरली. काय काय पडलं ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की, मी, उष्ट्या कपाला हात न लावणारा माणूस, बादल्या भरभरून पाणी ओतत होतो आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. शेवटी दक्षा तोंड पुसून म्हणाली, "वहिनी, वास येतोय. धुते मी." आणि जयश्रीनं तिला जवळ घेतलं.

पोरगी सुधारली. अंगावर मांस धरलं. डहाणूला परिचारिकेच्या कोर्सला तिनं नाव घातलं. पाड्याचं नाव ती काढत नसे. आईचं मात्र काढायची, जेवताना अधूनमधून. आईला साडी पाठवायची म्हणाली. स्वतः जायला तयार नव्हती आणि मी तिला आग्रह करणारही नव्हतो.

म्हणून दोन हजार सतराच्या भादव्यात, पितरांच्या दिवशी, साडीची पिशवी घेऊन मी पुन्हा त्या घरापुढं उभा राहिलो. प्रविण खाली रस्त्यावरच थांबला, इंजिन चालू ठेवून. वर यायला त्यानं साफ नकार दिला.

दुपार होती. ऊन इतकं की अंगणातलं गवत पिवळं दिसत होतं. पाड्यावर सगळीकडे माणसांचे आवाज, पण काकीच्या घराकडं कुणी नव्हतं. बघायला येणारे केव्हाच यायचे थांबले होते. दार उघडं होतं. वास मी ओळखला. पुढं होणार तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं.

"आये, भात वाढ."

"वाढते रं, पोरा."

"अजून वाढ."

"घे. सावकाश खा. ठसका लागंल."

मला वाटलं, आत दोघं जण आहेत. दारात जाऊन पाहिलं. काकी एकटी होती. मांडी घालून बसलेली, दोन्ही गुडघे फाकलेले. कमरेला खड्याचा उंचवटा दिसत होता. पुढ्यात पान होतं. तिचा उजवा हात वाढत होता आणि डावा खात होता. एकाच तोंडातून, भातानं भरलेल्या, ते दोन्ही आवाज येत होते. घासांच्या मध्ये ती स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत होती. केसांत भाताची शितं अडकली होती. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत वाळला होता. पोट... तिचं पोट दक्षाच्याहून मोठं झालं होतं.

मी पिशवी उंबऱ्यावर ठेवली. परत फिरावं असं मनात होतं. पण तिनं वर पाहिलं.

खाणं थांबलं. दोन्ही हात थांबले. कितीतरी वेळ ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं एक गोष्ट केली. शेजारचं एक स्वच्छ पान पुढं ओढलं. त्यावर थोडा भात घेतला. थोडाच. आणि मान खाली घालून, बोटांच्या टोकांनी, शीत न शीत बाजूला करत ती तो भात निवडू लागली. मघाचा तो अधाशी हात हा नव्हता. बोटं हलकी झाली होती. मध्येच काहीतरी उचलून ती जमिनीवर टाकत होती. असा भात निवडताना मी एकालाच पाहिलं होतं.

हे कुणालाच ठाऊक नाही. प्रविणला नाही, तो आमच्या शाळेत नव्हता. जयश्रीलाही नाही. जीपमध्ये तर ह्यातलं अवाक्षरही निघालं नव्हतं, कारण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आश्रमशाळेत पहिल्या वर्षी भातात सोंडे आणि अळ्या यायच्या. मला पाहूनच ओकारी व्हायची. मी उपाशी राहायचो, रडायचो. मग दिवे गेल्यावर, बाकीची पोरं झोपल्यावर, मिथुन माझं ताट उचलून खिडकीशी न्यायचा आणि चांदण्यात माझा भात निवडायचा. सगळा. मग पहिला घास स्वतः खाऊन दाखवायचा आणि ताट माझ्याकडं सरकवायचा.

काकीनं पहिला घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. मग पान माझ्याकडं सरकवलं.

"निवडलाय," ती म्हणाली. आवाज काकीचा नव्हता. आये म्हणणाऱ्याचाही नव्हता. "खा आता, अमऱ्या... काही नाही त्यात."

पानावर भात पांढरा होता. मोगऱ्याच्या कळ्यांसारखा स्वच्छ. पण सरकवणाऱ्या बोटांच्या नखांत वाळलेला रस्सा आणि खवलं होती. पानाच्या कडेला तिच्या तोंडातून पडलेलं एक शीत होतं, ओलं. माझ्या घशाशी आलं. मी गिळलं. परत आलं. मिथुन, मी मनात म्हणालो, तू असशील तर... आणि पुढचं मला सुचलं नाही. ती पान धरून होती.  खाली रस्त्यावर प्रविण हॉर्न वाजवत होता.

"हात धुवून येतो," मी म्हणालो.

बाहेर आलो, उतार उतरलो, जीपमध्ये बसलो. "कोण होतं?" प्रविणनं विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही. चल." तलासरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड काढून होतो.

त्यानंतर मी तिकडे गेलेलो नाही. तिकडची एक बाई, रूपी, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन नाक्यावर बसते. तिला मी काही विचारत नाही, पण ती सांगते. तानीकाकी आता खात नाही म्हणे. वाळून कोळ झालीय. रोज दुपारी तेवढा मूठभर भात शिजवते, तो निवडते आणि पान वाढून दाराकडं तोंड करून बसते. पानावर माश्या बसू देत नाही, हातानं वारत राहते. संध्याकाळी तो भात आंबून जातो, तरी ती पान उचलू देत नाही.

कुणी विचारलं, कुणासाठी गं, तर म्हणते, "येतोय. हात धुवाया गेलाय."